माणशी 230 रुपयांत बसला, म्हणून प्रकल्प परवडला का?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)चा दुसरा टप्पा 2020 साली सुरू झाला. त्यात गावांतल्या मैलागाळाच्या व्यवस्थापनासाठी माणशी 230 रुपयांपर्यंत निधी अशी मर्यादा ठरली. 20,000 लोकवस्तीच्या गावसमूहाला हे होतात 46 लाख रुपये. आकडा साधा आहे, लक्षात राहतो. पण झालं असं की निधी देण्याची ही मर्यादा मूल्यमापनाची कसोटी म्हणून वापरली जायला लागली. ग्रामीण मैलागाळ प्रक्रिया प्रकल्पांचे अहवाल, सादरीकरणं, यशकथा वाचायला घ्या. बहुतेकांत तीन गोष्टी हमखास सापडतात: क्षमता किती केएलडी, म्हणजे रोज किती हजार लिटर, उभारणीचा खर्च किती लाख, आणि शेवटी ‘खतविक्रीतून उत्पन्न’. खर्च मर्यादेत बसला की प्रकल्प ‘परवडणारा’ ठरतो.

आपल्या भाषेत ‘परवडतं’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणाला? या अहवालांत नेमका तोच प्रश्न गायब असतो. उभारणीचे पैसे सरकारचे, चालवण्याचा खर्च ग्रामपंचायतीचा, टाकी उपसायचे पैसे घरमालकाचे. तीन खिसे वेगळे, आणि तिघांचा खर्च वेगवेगळ्या वर्षी येतो. त्यातला पहिला खिसा पहिल्या वर्षी मोजायचा आणि उरलेले दोन सोडून द्यायचे, याला मी मूल्यमापन म्हणणार नाही. या विषयावर संशोधनाचा प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी ही टीका जरा सविस्तर मांडतो.

आधी गाळाबद्दल थोडं

दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांसाठी: सेप्टिक टँकमध्ये घन भाग तळाशी बसतो, पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा (नको तिथे) गटारात जातं. तळाशी साचतो तो मैलागाळ. काही वर्षांनी तो व्हॅक्यूम टँकर बोलावून उपसावा लागतो. टँकर तो प्रक्रिया केंद्रावर नेतो. तिथे गाळ सुकवण्याच्या वाफ्यांवर पसरतात, खाली झिरपलेलं पाणी वेगळं शुद्ध करतात आणि सुकलेल्या गाळाचं खत करतात. भारतात शहराच्या पातळीवरचं असं पहिलं केंद्र 2015 साली बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत उभं राहिलं. क्षमता रोज 6 घनमीटर. ग्रामीण प्रकल्पांच्या आराखड्यांत आजही अशा छोट्या शहरांतले आकडे उचललेले दिसतात. पहिली अडचण इथेच सुरू होते, कारण शहरात टाक्या एकमेकींना खेटून असतात. गावसमूहात तसं नसतं.

भाजक बदलला की उत्तर बदलतं

एक हिशेब करून बघू. पुढचे आकडे कुठल्या प्रत्यक्ष प्रकल्पाचे नाहीत. पद्धत कळावी म्हणून मी ते गृहीत धरले आहेत. तुमच्या तालुक्यातले आकडे घालून तुम्ही हाच हिशेब परत करा.

समजा 20,000 वस्तीच्या गावसमूहात 46 लाखांत 3 केएलडीचं केंद्र उभं राहिलं. केंद्राचं आयुष्य 15 वर्षं धरलं आणि व्याज सोडून दिलं, तर उभारणीचा वार्षिक वाटा येतो साधारण 3 लाख 7 हजार. एका कामगाराचा पगार महिना 12,000 म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार. वीज, दुरुस्ती, तपासण्या मिळून 1 लाख. एकूण झाले वर्षाला सुमारे साडेपाच लाख. आता याला भागायचं कशाने?

वर्षाचे 300 दिवस पूर्ण क्षमतेने धरले तर 900 घनमीटर. दर घनमीटरला खर्च 612 रुपये. अहवालात हा आकडा छापला जातो.

पण गाळ तयार किती होतो? समजा निम्म्या लोकांकडे सेप्टिक टँक आहे आणि माणशी वर्षाला 50 लिटर गाळ साचतो. म्हणजे 10,000 लोकांचा 500 घनमीटर. दर झाला 1,102 रुपये.

आणि केंद्रावर पोचतो किती? समजा तयार होणाऱ्यातला एक तृतीयांश. 170 घनमीटर. दर झाला 3,241 रुपये.

केंद्र तेच आहे, खर्चही तोच, फक्त भाजक बदलला आणि दर पाचपट झाला. 3 घनमीटरच्या टँकरची एक खेप धरली, तर तिच्यावर फक्त प्रक्रियेचा खर्च पहिल्या हिशेबाने 1,836 रुपये आणि तिसऱ्या हिशेबाने 9,700 च्या वर. तुमचा प्रबंध या दोन आकड्यांच्या मधल्या दरीवर असायला हवा. ‘वाफे बरे की यंत्र बरं’ या तुलनेत दोन तंत्रज्ञानांमधला फरक शोधत तीन वर्षं घालवायची, आणि दरावर सर्वांत मोठा परिणाम करणारी गोष्ट तपासायचीच नाही, असं बऱ्याच प्रबंधांचं होतं.

यात काळाचाही घोळ आहे. गावात टाक्या मोठ्या बांधतात, कित्येकांना तळच नसतो, पाणी जमिनीत मुरतं. अशी टाकी दहा दहा वर्षं उपसावी लागत नाही. मूल्यमापन मात्र उद्घाटनानंतर वर्षभरात उरकतात. त्या वर्षी येणारा गाळ हा साचलेला जुना माल असू शकतो किंवा कार्यक्रमापुरत्या आणवलेल्या खेपा असू शकतात. पहिल्या वर्षीच्या नोंदवहीवरून पाचव्या वर्षाचं काहीही सांगता येत नाही. आणि तळ नसलेल्या टाक्यांमुळे ‘तयार होणारा गाळ’ आणि ‘उपसता येणारा गाळ’ हेही दोन वेगळे आकडे होतात. 50 लिटरचं गृहीतक म्हणूनच सगळ्यात आधी तपासायचं. त्याचा अंदाज दुप्पट चुकला तर केंद्राचा आकारच चुकतो.

गाळ केंद्रावर का येत नाही

अहवालात याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘जनजागृतीचा अभाव’. हे उत्तर मला आळशी वाटतं. टँकरवाल्याच्या जागी उभं राहून बघा. त्याला पैसे मिळतात टाकी उपसल्याचे. गाळ कुठे ओतला याचे पैसे त्याला कुणी देत नाही. केंद्र 18 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 36 किलोमीटरचं डिझेल त्याच्या खिशातून जातं, शिवाय दिवसातली एक खेप बुडते. वाटेत ओढा आहे, पडीक रान आहे. कधी कधी शेतकरी स्वतःच म्हणतो, माझ्या शेतात ओत. बेंगळुरूच्या आसपास कच्चा मैलागाळ थेट शेतात घेण्याची ही पद्धत अभ्यासकांनी तपशीलवार नोंदवलेली आहे. टँकरवाल्याला यातलं सगळं समजतं. त्याची जागृती पुरेशी झालेली असते. हिशेब मात्र केंद्राच्या विरोधात जातो.

घरमालकाचंही तसंच. टाकी भरून वर येईपर्यंत टँकर बोलवायचं कारण त्याला दिसत नाही, आणि बोलावल्यावर जो स्वस्त पडेल तोच टँकर तो बोलावणार.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांचा प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. तिथे टाकी भरायची वाट न पाहता प्रत्येक घराची टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा वेळापत्रकानुसार उपसायची, अशी सेवा सुरू केली. भाजक वाढतो तो अशा व्यवस्थेमुळे. केंद्रातल्या यंत्राचा त्यात फारसा वाटा नसतो. पण ही दोन्ही शहरं आहेत; तिथे नगरपरिषद आहे, कर वसुलीची यंत्रणा आहे, अंतरं लहान आहेत. बारा ग्रामपंचायतींनी मिळून असं वेळापत्रक चालवायचं तर ठेका कुणी द्यायचा, पैसे कुणी गोळा करायचे, एका गावाने हप्ता थकवला तर टँकर थांबवायचा का? ग्रामीण मूल्यमापनात या प्रश्नांवर पानं खर्च व्हायला हवीत. सध्या ती वाफ्यांच्या छायाचित्रांवर खर्च होतात.

खताचं सोनं आणि त्याचा भाव

मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ हा शब्द फार पूर्वीपासून आहे. शब्द सुंदर आहे, पण प्रकल्प अहवालांनी तो जरा जास्तच मनावर घेतलेला दिसतो. वरचाच हिशेब पुढे नेऊ. टाकीतल्या गाळात घन पदार्थ साधारण 1 ते 3 टक्के असतो, बाकी पाणी. मधला 2 टक्के धरला तर 170 घनमीटर गाळातून निघाला 3.4 टन कोरडा माल. किलोला 4 रुपये भाव मिळाला, सगळा विकला गेला, असं धरू. वर्षाचं उत्पन्न 13,600 रुपये. कामगाराचा जेमतेम एका महिन्याचा पगार! सगळाच्या सगळा 500 घनमीटर गाळ आला तरी 40,000 रुपये, म्हणजे सव्वातीन महिन्यांचा पगार. ओला कचरा मिसळून खताचं वजन वाढवता येतं, पण मग कचरा गोळा करण्याचा, वेगळा करण्याचा खर्चही हिशेबात घ्यावा लागतो. अहवालात तो सहसा दुसऱ्या योजनेच्या नावावर टाकलेला असतो.

दुसरी चूक पोषणमूल्याची. ‘एक माणूस वर्षाला इतकं नत्र उत्सर्जित करतो, गुणिले लोकसंख्या, म्हणजे इतक्या गोणी युरिया वाचला’ हा हिशेब पुष्कळ ठिकाणी दिसतो. पण माणसाच्या उत्सर्जनातल्या नत्राचा मोठा हिस्सा मूत्रात असतो आणि सेप्टिक टँकमधून तो पाण्याबरोबर केव्हाच निघून जातो. टाकीच्या तळाशी उरलेल्या गाळात त्यातलं थोडंच असतं. या खताचा खरा उपयोग जमिनीत सेंद्रिय पदार्थ आणि काही प्रमाणात स्फुरद देण्यासाठी. तो उपयोग छोटा नाही. पण युरियाच्या गोण्यांत मोजला तर फुगवून सांगितल्यासारखा होतो, आणि पहिल्या हंगामात शेतकऱ्याच्या ते लक्षात येतं.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. खत सुरक्षित आहे हे ठरवलं कशावरून? बहुतेक ठिकाणी ई-कोलाय जिवाणूंची एक तपासणी जोडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ई-कोलायसोबत कृमींच्या अंड्यांचीही मर्यादा आहे: एक ग्रॅम कोरड्या मालात एकापेक्षा कमी अंडं. अस्कॅरिस या पोटातल्या जंताची अंडी फार चिवट. वाफ्यावर गाळ सुकला, ई-कोलाय कमी झाले, तरी ही अंडी जिवंत राहू शकतात. त्यासाठी 50 अंशांच्या वर आठवडाभराहून जास्त तापणारा खताचा ढीग हवा, किंवा आपल्यासारख्या उष्ण हवेत वर्षाहून जास्त साठवण हवी. म्हणून ‘ई-कोलाय मर्यादेत’ एवढं वाचून पुढे जाऊ नका. अंडी मोजली का, ढिगाचं तापमान रोज नोंदवलं का, साठवणीला जागा आहे का, हे शोधा. आणि नमुना कुठल्या महिन्यातला तेही बघा. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एप्रिलमधल्या नमुन्यावरून तिथल्या ऑगस्टच्या वाफ्याबद्दल बोलता येत नाही.

कच्चा गाळ घेणारा शेतकरी इथे परत येतो. आपल्या खताची तुलना बाजारातल्या गांडूळखताशी करण्याआधी या फुकट मिळणाऱ्या कच्च्या गाळाशी करायला हवी. प्रकल्पामुळे कच्चा गाळ शेतात जाणं किती कमी झालं? शेतात काम करणाऱ्या बाईच्या हाताला, पोराच्या पायाला लागणारी घाण किती कमी झाली? पुनर्वापराचा खरा फायदा तिथे आहे. तो विक्रीच्या पावत्यांत दिसत नाही, म्हणून मूल्यमापनातूनच वगळला जातो.

न केलेली तुलना

प्रकल्पाची तुलना कशाशी करायची, हा संशोधनाचा गाभा. अहवाल ‘अ’ तंत्राची तुलना ‘ब’ तंत्राशी करतात. पण विखुरलेल्या गावासाठी मुख्य पर्याय आहे दोन खड्ड्यांचं शौचालय. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा. पहिला दोनेक वर्षं झाकून ठेवला की आत खत होतं. टँकर नाही, वाफे नाहीत, केंद्रही नाही. सरकारी कार्यक्रमाने हाच नमुना वर्षानुवर्षं पुढे केला. तरी लोक मोठ्या टाक्या का बांधतात?

डायान कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी 2017 च्या ‘व्हेअर इंडिया गोज’ या पुस्तकात उत्तर भारताबद्दल याचं उत्तर दिलं आहे. खड्डा रिकामा करण्याचं काम जातीशी आणि अस्पृश्यतेशी जोडलेलं आहे. ते स्वतः करणं लोकांना नको असतं, आणि ज्या समाजांवर हे काम लादलं गेलं त्यांनाही ते आता नको आहे, हे योग्यच. मग कधीच भरू नये असा मोठा खड्डा खणला जातो. म्हणजे मैलागाळ केंद्राची ‘गरज’ काही प्रमाणात जातीच्या प्रश्नातूनच तयार होते. ती पूर्णपणे तांत्रिक समजून मोजणं अपुरं आहे.

महाराष्ट्रात तर हे विसरायला कारणच नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम आपल्याला करू द्यावं म्हणून उपोषण केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी खत देणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला बायोगॅस जोडण्याचं काम कित्येक वर्षं केलं. या परंपरेत खत आणि खत हाताळणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. आजच्या अहवालांत ते वेगळे झाले आहेत. ‘रोजगारनिर्मिती: 2’ असं लिहिलेलं असतं. ते दोघं कोण, कुठल्या वस्तीतले, पगार वेळेवर होतो का, हातमोजे आणि बूट किती महिन्यांनी बदलून मिळतात, टँकरचा पाइप तुंबला की टाकीत कोण उतरतं? हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. तो पाळला जातो की नाही, हे तपासणंही मूल्यमापनाचंच काम आहे. त्यासाठी परिशिष्ट वेगळं काढून ते बाजूला सारायचं नसतं.

दुसरी बाजू

या टीकेवर रास्त आक्षेप असा: मैला हाताळणं ही सार्वजनिक आरोग्याची सेवा आहे, तिने नफा का मिळवावा? मान्य. घनमीटरला 3,000 रुपये लागत असतील आणि त्यातून ओढा स्वच्छ राहत असेल, तर समाजाने ते द्यावेत असं मीही म्हणेन. पण मग ते उघड सांगायला हवं. ‘खतातून खर्च निघतो’ असं लिहिलं की वरच्या कार्यालयाला वाटतं, चालवायला पैसे द्यायची गरज नाही. दोन वर्षांनी कामगाराचा पगार थकतो, केंद्राला कुलूप लागतं आणि खापर फुटतं ग्रामपंचायतीवर. फुगवलेला हिशेब प्रकल्पाची बाजू घेतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो प्रकल्पाच्या पाचव्या वर्षाचे पैसे कापतो.

दुसरा आक्षेप माहितीच्या तुटवड्याचा. नोंदी नसतात, हे खरं. पण पर्यायी पुरावे असतात. केंद्राची नोंदवही, टँकरचं डिझेल, घरोघरी विचारलेलं ‘शेवटची टाकी कधी उपसली, किती दिले, गाळ कुठे गेला’, आणि पंचायतीचं रोकड पुस्तक. ही चार टोकं एकमेकांना जुळतात का बघा. जुळली नाहीत तर कुठे जुळत नाहीत, तोच तुमच्या प्रकरणाचा मजकूर.

प्रस्ताव लिहिताना

‘अमुक तालुक्यातील मैलागाळ प्रक्रिया प्रकल्पाच्या परवडण्याजोगेपणाचे मूल्यमापन’ असं शीर्षक देऊन थांबू नका. प्रश्न असा बांधा: या गावसमूहात तयार होणाऱ्या गाळापैकी किती गाळ तिसऱ्या ते पाचव्या वर्षी केंद्रावर पोचतो, उरलेला कुठे जातो, पोचलेल्या दर घनमीटरचा खर्च घरमालक, पंचायत आणि सरकार यांच्यात कसा वाटला जातो, आणि हेच पैसे दोन खड्ड्यांवर किंवा जवळच्या शहरातल्या केंद्रापर्यंत वाहतुकीवर खर्च केले असते तर काय मिळालं असतं? लांबलचक आहे, मार्गदर्शक कापायला सांगतील. कापायचंच असेल तर तंत्रज्ञानाचं वर्णन कापा. भाजक आणि तुलना मात्र सोडू नका.

गृहीतकांचा तक्ता पहिल्या प्रकरणातच द्या, आणि प्रत्येक गृहीतक निम्मं व दुप्पट केलं तर दर किती हलतो ते दाखवा. पावसाळ्यातली एक भेट आणि कृमींच्या अंड्यांची तपासणी यांचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा. नंतर मिळत नाहीत. आणि पहिली मुलाखत अभियंत्याची घेण्यापेक्षा टँकरवाल्याची घ्या. गाळ कुठे जातो हे त्याला नक्की माहीत असतं.